कूतचा वेढा आणि दगडावरचा आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी खंडाळ्याचा, असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच लोणावळ्याच्या चिक्कीची आठवण काढतो. आमचा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा ओलांडल्यावर शिरवळ लागतं आणि त्यापुढे, खंबाटकी घाट चढण्याआधी, जो लागतो तो आमचा खंडाळा. पावसाच्या बेभरवशावर जगणारा हा मुलूख. शेतीतून वर्षाचं धान्य निघालं नाही की घरातला एक मुलगा मुंबईला गिरणीत जायचा आणि एक पलटणीत.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत एक जुनी शिळा आढळते. कुठे चावडीपाशी, कुठे देवळाजवळ. त्यावर इंग्रजीत दोनच गोष्टी कोरलेल्या असतात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे त्या युद्धात ४६ जण कामी आले. म्हणूनच त्याला आज अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पण या शिळांवर नावं नसतात, नुसता आकडा असतो. ही माणसं गेली कुठे, असं विचारलं तर जुनी मंडळी एवढंच सांगत, 'बसऱ्याला.'

हे बसरा प्रकरण वाचायला लागलो, तेव्हा मला एक प्रश्न पडला. आपली सगळी माणसं पायदळात. तोफखान्यात कोणीच कसं नाही? मराठ्यांना काही तोफ नवीन नव्हती. पेशव्यांचा तोफखाना सांभाळणारं पानसे घराणं आपल्याला माहीत आहे. इंग्रजांच्या मुंबई फौजेतही एतद्देशीय गोलंदाज होते. २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिलेली मुंबईची डोंगरी बॅटरी ही भारतीय तोफखान्याची सर्वांत जुनी तुकडी मानतात आणि तोफखाना आपला वर्धापनदिन त्याच तारखेला साजरा करतो.

मग माशी शिंकली कुठे? १८५७ मध्ये. त्या उठावात हिंदी गोलंदाजांनी तोफा इंग्रजांवरच फिरवल्या. तेव्हा सरकारने ठरवलं की यापुढे हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यायची नाही. अपवाद केला तो सरहद्दीवर खेचरांच्या पाठीवरून न्यायच्या लहान डोंगरी तोफांचा. त्यांतही पुढे भरती झाली ती मुख्यतः पंजाबातली.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नागरिकांनी स्वतःच्या रक्षणासाठी स्वयंसेवक दलं काढली. १८६९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. कचेरीतले साहेब, व्यापारी पेढ्यांतले कारकून, रेल्वेचे कर्मचारी सुटीच्या दिवशी गणवेश चढवून कवायत करू लागले. मुंबई, कलकत्ता अशा बंदरांच्या शहरांत या स्वयंसेवकांचे तोफखानेही निघाले. दाणापाणी पुरवणारा हिंदी, तोफेचे बैल हाकणारा हिंदी, पण तोफेला बत्ती देणारा मात्र हिंदी चालत नसे. मोजके अपवाद सोडले तर स्वयंसेवक दलांचं दार आपल्याला बंदच होतं. १८८५ मध्ये रशियाशी युद्ध पेटेल अशी चिन्हं दिसत होती, तेव्हा आम्हालाही स्वयंसेवक होऊ द्या, अशी मागणी सुशिक्षित हिंदी लोकांनी केली. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसने तसा ठराव केला. सरकारने तो कानांआड केला.

एकोणिसाव्या शतकातल्या या हौशी तोफखान्यांना खरी लढाई दिसली ती १९१४ मध्ये. कलकत्त्याची स्वयंसेवक बॅटरी पूर्व आफ्रिकेला गेली. दुसरी एक बॅटरी स्वयंसेवकांतून उभी करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवली. तिचं नावच 'व्हॉलंटिअर आर्टिलरी बॅटरी'. तिच्यात मुख्यतः अँग्लो-इंडियन तरुण होते. तोफा कोणत्या, तर पंधरा पौंडी. म्हणजे सुमारे सात किलोचा गोळा फेकणाऱ्या, बोअर युद्धाच्या वेळच्या. नियमित गोऱ्या तोफखान्याकडे तोवर नव्या अठरा पौंडी तोफा आल्या होत्या.

ही बॅटरी ज्या फौजेबरोबर होती, तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतले जवान कोकणातले आणि आपल्या देशावरचे. या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड बगदादच्या दिशेने निघाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुर्कांनी त्याला अडवलं. मार खाल्लेली फौज मागे हटत डिसेंबरच्या सुरुवातीला तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात येऊन थांबली आणि तुर्कांनी वेढा घातला.

गावाच्या ईशान्य टोकाला मातीच्या भिंतींचा एक कोट होता. २४ डिसेंबर १९१५ ला, नाताळच्या आदल्या दिवशी, तुर्कांच्या तोफांनी त्याच्या भिंती पाडल्या आणि त्यांचं पायदळ आत घुसू लागलं. कोट राखणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती आणि कोटातल्या तोफा होत्या स्वयंसेवक बॅटरीच्या. ज्याला तोफ द्यायची नाही असं सरकारने ठरवलं होतं तो मराठा आणि ज्याला ती जन्माच्या आधारावर मिळाली होती तो अँग्लो-इंडियन, दोघे एकाच भिंतीआड होते. हातघाईची लढाई झाली, मुडद्यांचे ढीग पडले, पण कोट पडला नाही.

तुर्कांना जे जमलं नाही ते भुकेनं केलं. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक ठार वा जखमी झाले, तरी वाट मोकळी झाली नाही. आत घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी जवानांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवावी लागली. तोवर अनेकांना रक्तपिती जडली होती. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पोचवण्याचा जगातला तो पहिलाच मोठा प्रयत्न. तो पुरला नाही. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. त्याआधी तोफा फोडून टाकल्या होत्या. स्वयंसेवकांच्याही.

सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. गोलंदाज असो वा शिपाई, दोघांनाही वाळवंटातून चालवत नेलं. पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनपाशी बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यांतले किती परतले नाहीत, याचा हिशेब हजारांत आहे.

भुकेनं दोघांत भेद केला नाही. तो केला लढाईनंतर, स्मारक बांधताना. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. नाव फक्त हिंदी अधिकाऱ्यांना मिळालं. स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली.

तोफेचं दारही हळूहळू उघडलं. १९१७ मध्ये नव्या संरक्षण दलात हिंदी तरुणांना जागा मिळाली, तेव्हा टिळकांनी त्यांना भरती व्हायला सांगितलं. हिंदी जवानांचा पहिला मैदानी तोफखाना बंगळूरला उभा राहिला तो जानेवारी १९३५ मध्ये. १८५७ च्या अविश्वासाला उतार पडायला पाऊणशे वर्षं लागली.

श्रोतेहो, नावं अगदीच हरवलेली नाहीत. ती दगडावर नसली तरी त्या आयोगाच्या नोंदवह्यांत होती आणि आता संगणकावर शोधता येतात. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असं सगळं आहे. तुमच्या गावात अशी शिळा असेल तर तेवढी खटपट कुणीतरी करावी. शाळेतली मुलंही ती करू शकतील. सापडलेली नावं त्या आकड्याशेजारी मराठीत लिहून ठेवा. आपला माणूस बसऱ्याला गेला, एवढंच त्याच्या घरच्यांना शंभर वर्षं ठाऊक आहे. तो कोण होता, हे निदान गावाला तरी कळू द्या.