अंश दिसतो, छेद शोधावा लागतो

चीनमध्ये आज ११ सागरी न्यायालये आहेत. १९८४ मध्ये शांघाय, दालियन, वुहान अशी सहा शहरांतली न्यायालये सुरू झाली आणि २०१९ मध्ये नानजिंगचे अकरावे आले. १९८४ ते २०१३ या काळात सव्वादोन लाखांहून अधिक सागरी प्रकरणे दाखल झाली, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. अशा प्रकरणांत अनेकदा जहाज एका देशाचे, माल दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे. असा दावा परक्या बंदरात हरलेल्याला निदान निकालपत्र तरी वाचता यायला हवे.

चिनी सामाजिक विज्ञान अकादमीच्या विधी संस्थेने या न्यायालयांच्या खुलेपणाला गुण देण्याचा उपक्रम दशकभरापूर्वी, न्यायालये दहा असताना, हाती घेतला. सुनावणीच्या तारखा, निकालपत्रे आणि अंमलबजावणीची माहिती संकेतस्थळावर आहे का, हे तपासायचे आणि गुण मांडायचे. उपक्रम चांगलाच, पण असे गुण जे दिसते त्यालाच मिळतात. जे चढवलेच नाही, ते किती होते?

समजा, १०० प्रकरणे निकाली निघाली. त्यातली ४० तडजोडीने मिटली आणि उरलेल्या ६० पैकी ४५ निकालपत्रे प्रसिद्ध झाली. छेद ६० धरून प्रमाण ७५ टक्के म्हणायचे, की १०० धरून ४५? नियमाने पाहिले तर ७५, कारण तडजोडीचे कागद चीनमध्ये सहसा प्रसिद्ध करत नाहीत. विमा आणि मालवाहतुकीच्या भांडणांत तर तडजोडीकडे कल असतोच, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

शिवाय सगळी प्रकरणे एका मापाची नसतात. २०१६ पासून या न्यायालयांकडे १०८ प्रकारचे खटले येतात. मालवाहतुकीच्या करारावरचा निकाल प्रसिद्ध करायला सहसा कोणाची हरकत नसते. सरकारी खात्याच्या आदेशाविरुद्ध कोणी दाद मागितली, तर त्याचा निकाल बाहेर येतो का, यावर खुलेपणा जोखावा. माझ्या मते त्या एका निकालाला मालवाहतुकीच्या दहा निकालांइतके गुण द्यायला हवेत.

अंशही, म्हणजे प्रसिद्ध होणारी निकालपत्रेही, स्थिर नाहीत. चीनच्या राष्ट्रीय निकालपत्र संकेतस्थळावर २०२० मध्ये सुमारे १.९२ कोटी कागदपत्रे चढली, २०२३ मध्ये सुमारे ५१ लाख. हे आकडे सर्व न्यायालयांचे आहेत, सागरी वेगळे नाहीत. तरी तीन वर्षांत अंश जवळपास तीन-चतुर्थांशाने घटला, आणि खटले काही त्या प्रमाणात कमी झाले नव्हते.

छेद शोधायची एक वाट मात्र उघडी आहे. २०१६ पासून तिथल्या प्रत्येक खटल्याच्या क्रमांकात वर्ष, न्यायालयाचा संकेत, खटल्याचा प्रकार आणि अनुक्रमांक असतो. सागरी न्यायालयांच्या संकेतात ७२ हा आकडा येतो. शांघायच्या एखाद्या वर्षाचे एकाच प्रकारचे प्रसिद्ध निकाल ओळीने लावले, तर सर्वांत मोठा अनुक्रमांक त्या प्रकारच्या एकूण खटल्यांचा अंदाज देतो आणि मधल्या रिकाम्या जागा मोजता येतात.

भारतात स्वतंत्र सागरी न्यायालय नाही. २०१७ च्या कायद्याने, १ एप्रिल २०१८ पासून, सागरी दावे ऐकण्याचा अधिकार मुंबईसह आठ उच्च न्यायालयांकडे आहे. मुंबईत सागरी दाव्यांना वेगळा प्रकार आणि वर्षागणिक क्रमांक मिळतो, आदेशही क्रमांक टाकून शोधता येतात. म्हणजे हीच मोजणी इथेही करता येईल.