अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने धोपाव्याला निघालेलं चाळीस किलो वजनाचं कुठलंही शाळकरी मूल घ्या. त्याच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात उपाशीपोटी साखर असते जेमतेम तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. रिपोर्टात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 100 आलं तर त्याचं अख्ख्या रक्तातलं वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास.

एवढंसं? पण कण मोजायला घ्या. एलडीएलचा एक कण सुमारे 22 नॅनोमीटरचा. त्यात कोलेस्टेरॉलचे दोन-अडीच हजार रेणू. असे कण या एका मुलाच्या रक्तात एकावर अठरा शून्यं, म्हणजे शंभर कोटी गुणिले शंभर कोटी. एकाला एक लावून ठेवले तर रांग 2 कोटी 20 लाख किलोमीटर होते. चंद्रावर जाऊन परत यायच्या अठ्ठावीस खेपा!

टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो, असलेल्या मुलांसाठी एलडीएलची मर्यादा 100 धरतात. आहार-व्यायाम सांभाळूनही ते 130 च्या वर राहिलं तर वयाच्या दहा वर्षांनंतर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीचा विचार होतो. 100 आणि 130 मधला फरक त्या मुलाच्या अंगात किती? अर्धा ग्रॅम. अमेरिकेतल्या 'सर्च' या पाहणीत दहा वर्षांवरच्या टाइप वन मुलांपैकी सुमारे 15 टक्के मुलं 130 च्या वर होती.

भारतात टाइप वन मधुमेह असलेली विशीच्या आतली 2 लाख 29 हजार मुलं आहेत, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा 2021 चा अंदाज आहे. जगात सर्वांत जास्त. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख. देशाची सरासरी लावली तर जिल्ह्यात दोनशेच्या वर मुलं निघतील. बहुतेक अंगाने बारीकच. 'काडीसारखं पोर, त्याला कसलं कोलेस्टेरॉल?' हा प्रश्न म्हणूनच घरोघरी येतो, आणि मग आमटीतला नारळ बंद होतो. नारळाची चरबी बहुतांशी संपृक्त, त्यामुळे हात आखडता घेणं चुकीचं नाही. पण पहिला संशय इन्सुलिनवर घ्यायला हवा.

कारण इन्सुलिन साखरेइतकंच चरबीचंही राखणदार. ते कमी पडलं की साठ्यातली चरबी सुटते, यकृताकडे धावते, यकृत तिचे कण बनवून रक्तात सोडतं. आणि ते कण साफ करणारं विकर इन्सुलिनविना मंदावतं. फारच बिघडलं तर नळीतला रक्तद्रव दुधासारखा पांढरा दिसतो. म्हणून निदानाच्या दिवशीची लिपिड तपासणी फसवी ठरते. साखर ताळ्यावर आल्यावर, अकराव्या वर्षापासून ती करावी, आणि ठीक आली तर दर तीन वर्षांनी.

अर्ध्या ग्रॅमला खरं वजन येतं ते वर्षांमुळे. आठव्या वर्षी मधुमेह झालेल्या मुलाचं हृदय अठ्ठेचाळिशीपर्यंत दीडशे कोटींहून जास्त वेळा तेच रक्त धमन्यांतून ढकलतं. स्वीडनमधल्या 27 हजार रुग्णांच्या 2018 च्या अभ्यासात, दहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 90 पट आढळला. मला हा आकडा थोडा दिशाभूल करणारा वाटतो. तरुण वयाच्या निरोगी बायकांना झटका क्वचितच येतो, त्यामुळे पट फुगते. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त प्रामाणिक: आयुष्यातली 17.7 वर्षं कमी.

गोळीने काय होतं? 2017 मध्ये 443 किशोरांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टॅटिनने एलडीएल उतरलं, पण त्या मुदतीत मानेतल्या धमनीच्या भिंतीच्या जाडीत फरक दिसला नाही. मुदत दोन ते चार वर्षांची. धमन्यांच्या हिशेबात फारच थोडी. उलट, अमेरिका-कॅनडातल्या 1,441 टाइप वन रुग्णांपैकी निम्म्यांची साखर सरासरी साडेसहा वर्षं काटेकोर ठेवली होती. ती चाचणी 1993 मध्ये संपली. 2005 मध्ये पाहिलं तेव्हा त्या निम्म्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार 42 टक्क्यांनी कमी होते, आणि तोवर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली होती.