अखेरच्या इच्छेची पाने (लेखांक चौथा)

मागील लेखांकात लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स शुश्रूषागृहातील खिडकीचा वृत्तान्त आला होता. डेव्हिड तास्मा या पोलिश निर्वासिताने १९४८ साली मरणशय्येवरून त्या गृहाच्या संस्थापिका सिसिली सॉन्डर्स यांच्या हवाली केलेल्या ५०० पौंडांची ती स्मृती १९६७ साली वास्तूत साकार झाली. आज विचारार्थ घ्यावयाची योजना मुठीत मावेल एवढी आहे.

कॅलिफोर्नियातील कोडा अलायन्स या संस्थेने ‘गो विश’ नावाचा ३६ पानांचा पत्त्यांचा जोड सिद्ध केला. ‘वेदना नसाव्यात’, ‘यंत्रांना जखडलेले नसावे’, ‘घरच्यांवर भार होऊ नये’, ‘आर्थिक व्यवहार मार्गी लागलेले असावेत’ अशी एकेक इच्छा एकेका पानावर छापलेली असून, जी कोठेच नाही तिच्यासाठी एक पान मोकळे ठेवले आहे. अतिमहत्त्वाची, मध्यम आणि बिनमहत्त्वाची असे तीन ढीग रोग्याने करावयाचे, व पहिल्या ढिगातून अग्रक्रमाने १० पाने निवडावयाची, एवढाच त्याचा विधी.

या रचनेचे मर्म मला असे वाटते की, ‘बाबा, तुमची इच्छा काय?’ हा प्रश्न ज्या घरात अभद्र म्हणून ओठांवरच अडतो, आणि कोणी धीर करून विचारलाच तर विचारणाऱ्याचा चेहरा पाहून रोगी त्याला सोसेल तेवढेच उत्तर देतो, त्या घरात या पानांमुळे दोघांचीही दृष्टी एकमेकांच्या मुखावरून मेजाकडे वळते व बोलण्याचे ओझे हातावर येते. त्याहून मोलाचा भाग म्हणजे, रोग्याच्या वतीने आप्तानेही पाने लावून पाहावयाची असतात. पत्नीने अग्रभागी ठेवलेले पान पतीने तिसऱ्या ढिगात टाकले असेल, तर त्या तफावतीपाशीच खरा संवाद सुरू होतो.

अशा इच्छा लिहून ठेवण्याची वाट आपल्याकडे कायद्याने मोकळी केली आहे. २०१८ साली ‘कॉमन कॉज’ प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्रास मुभा दिली, आणि २०२३ साली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट काढून दोन साक्षीदारांसह नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरविले. परंतु मसुद्यात काय लिहावयाचे, हे घरात कधी बोललेच गेले नसेल, तर तो दस्तऐवज वकिलाच्या भाषेतच राहणार.

म्हणून मराठी पाने व्हावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मात्र ती इंग्रजी पानांचे भाषांतर नसावीत. त्यांतल्या पाद्र्यांच्या भेटीच्या पानाने आपल्या बहुतेक घरांचे काम भागणार नाही. ‘गावच्या घरी न्यावे’, ‘कानावर नामस्मरण पडत राहावे’, ‘कोणाचे देणे मागे राहू नये’, ‘दुरावलेल्या भावाला बोलवावे’ ही पाने आजाऱ्यांच्या व त्यांच्या शुश्रूषेत रात्री काढलेल्या माणसांच्या तोंडून ऐकून घ्यावीत, चित्रकाराने ती दृष्टी मंदावलेल्यालाही वाचता येतील अशा ठसठशीत अक्षरांत रेखाटावीत, आणि ‘घशात नळी नको’ या पानाशेजारीच ‘तोंडात तुळशीपत्र व गंगाजल पडावे’ हेही पान असावे, कारण पुष्कळांच्या मनात या दोन इच्छा एकच आहेत, आणि डॉक्टरांना त्यांतली पहिलीच कळते.