कळंबोलीतील व्यापारी इमारतींसाठी एअर हँडलिंग युनिटची निवड : आर्द्रतेच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :

सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईतील कळंबोली हा विभाग पोलाद बाजारासाठी सर्वपरिचित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा प्रारंभ येथूनच होतो. शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत असून पनवेलची खाडीही दूर नाही. अशा परिसरात केंद्रीय वातानुकूलित कार्यालय उभारताना 'यंत्रणा किती टनांची हवी?' एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. येथील हवामानात हा प्रश्न अपुरा ठरतो.

केंद्रीय वातानुकूलनात चिलर पाणी थंड करतो आणि ते पाणी एअर हँडलिंग युनिटमधील (एएचयू) कॉइलमधून फिरते. खोलीतून परतलेली व बाहेरून घेतलेली ताजी हवा हे युनिट एकत्र करते, गाळते, कॉइलवरून नेते आणि पंख्याच्या साहाय्याने डक्टमधून खोल्यांना पुरविते. म्हणजेच रहिवाशांच्या श्वासात जाणारी हवा कशी असेल, हे चिलरपेक्षा एएचयूवर अधिक अवलंबून असते.

बाष्पाचा हिशोब :

नागपुरात मे महिन्यात तापमान 44 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असताना एक किलो कोरड्या हवेसोबत सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प असते. कळंबोलीत पावसाळ्यात तापमान 30 अंश व आर्द्रता 80 टक्के असेल, तर हेच प्रमाण साडेएकवीस ग्रॅमच्या आसपास जाते. खोलीत 24 अंश व 55 टक्के आर्द्रता राखायची असल्यास केवळ सव्वादहा ग्रॅम बाष्प चालते. नागपूरची ती तप्त हवा खोलीतील हवेहूनही कोरडी आहे. कळंबोलीची तुलनेने सौम्य वाटणारी हवा मात्र दुपटीहून अधिक ओली आहे.

माणशी ताशी 30 घनमीटर ताजी हवा धरली तर 33 माणसांच्या कार्यालयाला सुमारे 1000 घनमीटर हवा लागते. वरील स्थितीत तिच्यातून दर तासाला बारा ते तेरा लिटर पाणी काढावे लागते. या हवेचा शीतनभार साधारण तीन टन भरतो. त्यातील अडीच टन बाष्पाचे पाणी करण्यातच खर्च होतात. तापमान उतरविण्यासाठी जेमतेम अर्धा टन पुरतो. विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचे मूळ प्रयोजनही कागदाला बाधणारी आर्द्रता आवरणे हेच होते, हे येथे लक्षणीय आहे.

खरी अडचण ढगाळ दिवशी उद्भवते. ऊन नसल्याने खोली लवकर 24 अंशांवर येते, थर्मोस्टॅट थंड पाण्याचा व्हॉल्व्ह जवळपास बंद करतो, कॉइल कोमट होते आणि ताजी हवा आपले बाष्प घेऊन तशीच आत शिरते. तापमापक योग्य आकडा दाखवितो. तरीही कागद मऊ पडतात, फायलींवर बुरशी धरते, माणसे कोंदटपणाची तक्रार करतात. मग कोणीतरी तापमान 20 अंशांवर आणते. वीजबिल वाढते व खोली थंड, पण दमट राहते. गरजेहून मोठे युनिट घेतल्यास हा दोष अधिकच बळावतो. 'थोडे जास्तच असू द्या' हा व्यवहारी सल्ला येथे महागात पडतो.

निवडीची दिशा :

यावर सर्वांत समाधानकारक उपाय म्हणजे ताज्या हवेसाठी स्वतंत्र एएचयू ठेवणे. त्यात सहा किंवा आठ ओळींचे कॉइल घेऊन हवा 12-13 अंशांपर्यंत उतरविली की बाष्पाचा प्रश्न दारातच सुटतो. बाहेर टाकल्या जाणाऱ्या थंड, कोरड्या हवेशी उष्णता व बाष्प यांची देवाणघेवाण करणारे एन्थाल्पी चक्र जोडल्यास भार आणखी घटतो. कॉइलवरील हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आत असावा, अन्यथा पाण्याचे थेंब हवेसोबत डक्टमध्ये जातात. वेग कमी ठेवायचा तर युनिट आकाराने मोठे होते आणि भाडे न देणारी जागा म्हणून एएचयूच्या खोलीवरच प्रथम कात्री चालते. कॉइल व फिल्टर बाहेर काढण्यास जागा नसेल तर ते कधीच नीट स्वच्छ होत नाहीत.

अवजड वाहतुकीच्या धुळीमुळे प्राथमिक फिल्टरमागे सूक्ष्म फिल्टर आवश्यक ठरतो. नवा असताना तो साधारण 100 पास्कल रोध देतो व बदलण्याच्या वेळी 250 च्या आसपास. पंखा या दुसऱ्या आकड्यावर निवडावा. त्याला वेगनियंत्रक जोडल्यास लाभ होतो, कारण वेग 80 टक्क्यांवर आणला की तत्त्वतः वीज जवळपास निम्मी लागते. खारी हवा व औद्योगिक वायू लक्षात घेता कॉइलच्या ॲल्युमिनिअम पत्र्यांवर संरक्षक लेप असावा.

पाणी वाहून नेणारी नळी निविदेत सहसा एका ओळीत उरकली जाते. पंख्याच्या ओढीमुळे कॉइलखालच्या तबकात दाब कमी असतो. नळीला पुरेशा खोलीचा यू-आकाराचा सापळा नसेल तर पाणी उतरत नाही, तबक भरते आणि छत गळू लागते. वर हिशोबलेल्या एवढ्याशा कार्यालयातही दहा तासांत केवळ ताज्या हवेचे सव्वाशे लिटर पाणी या नळीतून जायचे असते. त्यामुळे जूनपूर्वी ती उघडून साफ करता येईल अशीच तिची मांडणी असावी.