दहावी पासवर विमानाचं लायसन्स मिळतं, पण नोकरी नाही. पैसे भरण्याआधी हे वाचा

वर्धा : पायलट व्हायचं म्हटलं की बारावी सायन्स आणि लाखोंची फी डोळ्यांसमोर येते. पण खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी, म्हणजे पीपीएलसाठी, दहावी पास आणि वयाची १७ वर्षे पूर्ण असली की अर्ज करता येतो. शाखेची अट नाही. शिकाऊ लायसन्स तर १६ व्या वर्षीही मिळते.

इथेच पालकांची गल्लत होते. पीपीएल म्हणजे घरच्या कारचं लायसन्स समजा. विमान चालवा, सोबत माणसं बसवा. पण भाडं किंवा पगार घेता येत नाही. विमान कंपनीत नोकरी हवी तर कमर्शियल लायसन्स, म्हणजे सीपीएल लागते. त्याला वय १८, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तासांचं उड्डाण अशी अट आहे. खर्च ४०-५० लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. म्हणून 'दहावीवर पायलट, लगेच नोकरी' म्हणणारा कोणी भेटला, तर वावर विकायच्या आधी त्याला एवढंच विचारा : लायसन्स पीपीएल की सीपीएल?

दुसरी गोष्ट मेडिकलची. पीपीएलला क्लास २ मेडिकल लागते आणि ते डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडूनच करावे लागते. गावच्या दवाखान्यातला फिटनेस दाखला चालत नाही. चष्मा आहे म्हणून लगेच नापास करत नाहीत, पण रंग ओळखता येत नसतील तर गाडी तिथेच अडू शकते. फी भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा मेडिकल आधी करून घेतलेलं बरं.

मग लेखी परीक्षा. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान, विमान व इंजिन हे विषय. पुस्तकं इंग्रजीत, रेडिओवरचं बोलणंही इंग्रजीत. तेवढी तयारी हवीच. उड्डाण किमान ४० तास, त्यात २० तास एकट्याने. एका फेरीत १५० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर, एकट्याने जाऊन दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून दाखवावं लागतं.

वर्ध्याहून जवळचं नाव नागपूर फ्लाइंग क्लबचं. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावरही प्रशिक्षण संस्था आहे. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेने कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिची जाहिरात निघते का, यावर बारावीच्या मुलांनी लक्ष ठेवावं. संस्था कोणतीही असो, तिचं नाव डीजीसीएच्या वेबसाइटवरील मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे मोबाइलवर दोन मिनिटांत पाहता येतं.