धोट्याचे लाकूड कसे पारखावे?

आम्ही कोशाच्या कापडाचे व्यापारी, सुतार नव्हे. पण मोहाडी-आंधळगावचा माल घेता घेता धोट्याचे लाकूड पारखणे आम्हाला शिकावेच लागले. एकदा स्वस्त मिळाले म्हणून आम्ही सागाचे धोटे विणकरांना दिले. थोड्याच दिवसांत कडांना कुसळे निघाली, ताण्याचे धागे तुटू लागले आणि ते जोडण्यातच विणकराची मजुरी बुडाली. चूक आमचीच होती.

सागाची छिद्रे मोठी. त्याचा माग करावा, धोटा नव्हे. धोट्याला जड व बारीक पोताचे लाकूड हवे. आपल्या जंगलातला, विडीच्या पानाचा तेंदू त्याला चांगला. अमेरिकेत गिरण्यांचे धोटे ज्या पर्सिमनचे होत, ते झाडही तेंदूच्याच कुळातले.

रेषा मात्र टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. ती कडेला बाहेर पडली की तिथेच कुसळ उठते. म्हणून ओंडका आधी कुऱ्हाडीने फोडून पाहावा. करवतीच्या कापात रेषेचा कल चटकन कळत नाही. लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. ओल्या लाकडाचा धोटा म्हणूनच वाकडा होतो. तुकड्याच्या टोकांना मेण लावून तो सावलीत वाळवावा, नाहीतर टोके आधी वाळून चिरतात.

तयार धोटा घेताना कोशाची चिंधी त्यावरून दोन्ही दिशांनी फिरवावी. अडकली तर घेऊ नये.