माहिती चौकट : ‘अवंती’ कूपेची रचना आणि गती

कूपे म्हणजे स्थिर छपराची, दोन दारांची मोटार; छप्पर उघडते ती कन्व्हर्टिबल.

आरंभ : मुंबईचे अभिकल्पक दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ संस्थेने इतरांच्या मोटारींना नवे रूप देण्याच्या दीर्घ अनुभवानंतर सिद्ध केलेली ही स्वतंत्र द्विआसनी मोटार जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत प्रदर्शित झाली.

इंजिन : रेनॉचे, २ लिटरचे, चार सिलिंडरांचे टर्बो पेट्रोल, शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती, सहा गिअर, हाती बदलण्याचे.

मुख्य भेद : नेहमीच्या मोटारीत इंजिन पुढे असते, येथे ते आसनांच्या मागे, मागील आसाच्या पुढे बसविल्याने बराचसा भार गती देणाऱ्या मागच्या चाकांवर येतो, पकड वाढते आणि वळण चपळ होते.

रस्ता : उंच गतिरोधकांवर वेग आवरणे क्रमप्राप्त.